रेकॉर्डवरचे दौलतभाऊ

दौलतभाऊ तुम्हाला रस्त्यात भेटले तर आधी तुमच्याशी बोलतील आणि मग तिथंच उभं राहून तेच बोलणं मोबाईलवर तुम्हाला लिहून पाठवतील. "काय फोटोभाऊ, जेवण झालं का?" ते विचारतात. मी "झालं" म्हणतो. मग त्यांचा चष्मा कपाळावर चढतो, उजव्या हाताचं एक बोट पुढे येतं आणि दोन मिनिटं अक्षरांची शोधाशोध होऊन मेसेज तयार होतो : 'जेवण झालं का विचारलं. झालं म्हणाले.' एवढा वेळ मी समोर उभाच असतो. मध्येच निघून जाणं बरं दिसत नाही.

"भाऊ, मी ऐकलं ना कानानं," असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"ऐकलेलं हवेत जाते," ते म्हणाले. "उद्या तुमी म्हणसान, असं बोल्लोच नाई. रेकॉर्डवर असलं पायजे."

आता हे सगळं नागपूरसारख्या ठिकाणी खपून गेलं असतं. आमचं गाव भामरागड. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की रस्ता बंद होतो, रस्त्यामागोमाग लाईट जाते आणि लाईटीमागोमाग मोबाईलचा टॉवर. दौलतभाऊंचं रेकॉर्ड मग त्यांच्या फोनात तुंबून राहतं आणि टॉवर जिवंत झाला की एकदम सुटतं. एकदा माझी बायको आलापल्लीला माहेरी गेली होती. तिथं तिला मेसेज आला, 'आत्ता वहिनीले नमस्कार केला. त्याहीनं मान हलवली.' तिने मला लगेच फोन लावला. "मी चार दिवसांपासून इथं आहे, मग आत्ता नमस्कार कोणत्या वहिनीला केला?" ते प्रकरण निस्तरायला मला आलापल्लीपर्यंत जावं लागलं.

अख्ख्या बाजाराला मेसेजचं शास्त्र त्यांनीच शिकवलं. "घड्याळाचं चित्र दिसलं म्हणजे मेसेज आपल्याच घरात. एक टिक आली म्हणजे वाटेले लागला. दोन टिक म्हणजे पोचला. एक टिकवाल्याची चिंता कराची नाई. रस्ता उघडला का जातेच." तारीख मात्र ते कधी लिहीत नसत. तारीख-वेळ फोन स्वतःच टाकतो आणि फोनला कोणाची भीड नाही, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मला उशिरा कळलं. मूळचे ते चंद्रपूरचे. थोरल्या भावानं ओसरीवर बसून, वडिलांदेखत सांगितलं होतं, "दौलत, दुकान तुझं." वडील गेल्यावर तोच भाऊ म्हणाला, "मी असं कधी बोललोच नाही." दौलतभाऊ एक ट्रंक घेऊन भामरागडला आले ते इथलेच झाले. लग्न राहून गेलं. इथं टाकलेलं दुकान मात्र बरं चाललं, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत नोंदवह्यांची चळत वाढत गेली. पाऊस किती वाजता सुरू झाला, छत्री कोणी पाहिली आणि घेतली नाही, कोण रस्त्यानं जाताना हसलं, सगळं त्यात आहे. मी त्यांच्या शेजारचा, फोटो काढणारा आणि झेरॉक्सवाला. त्यामुळे त्या वह्यांत माझाही मुक्काम बराच आहे.

समोर, रस्त्याच्या पलीकडे, वसंतभाऊ बोगामींचं दुकान. वसंतभाऊ नदीपलीकडच्या माडिया आदिवासींच्या गावातले, घराण्यात दुकान टाकणारे पहिलेच. स्वभावाने दौलतभाऊंच्या अगदी उलट. त्यांच्या गावात काही झालं की सगळे गोल बसतात, ज्याची चूक तो उठून तोंडाने सांगतो आणि तिथं विषय संपतो. कागद कोणी मागत नाही. वसंतभाऊ बोलायचे कमी, पण जे बोलले ते झालंच. दोन्ही दुकानांत माल एकच : मीठ, गूळ, सुकट, छत्र्या आणि पावसाळ्याआधी ताडपत्र्या. त्यामुळे सकाळपासून दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं मोजायचे, आणि दुपारी चार वाजता वसंतभाऊ कोऱ्या चहाची किटली घेऊन रस्ता ओलांडून यायचे. दौलतभाऊंच्या फळीवर बसून दोघं चहा प्यायचे. हे इतकी वर्षं चाललं होतं की आम्ही घड्याळ त्यावर लावायचो.

आता भांडणाकडे येतो. यात मलाच अजून काही गोष्टी नीट कळलेल्या नाहीत, पण प्रयत्न करतो.

बाजारातल्या लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्याचा ॲडमिन मी. मला कोणी निवडलं नाही. आधीचे ॲडमिन म्हणजे शाळेतले गुरुजी, ते बदली होऊन ग्रुपमधून निघाले आणि फोनने स्वतःच्या मनाने मला ॲडमिन केलं. तेव्हा मी हसलो होतो.

त्या मंगळवारी धो धो पाऊस होता. एक गिऱ्हाईक दौलतभाऊंकडे भिजत आलं आणि म्हणालं, समोरून घेतलेली ताडपत्री गळते. तिला त्यानेच खिळे मारून भोकं पाडली होती, हे पुढे कळलं. दौलतभाऊंनी लगेच चष्मा कपाळावर चढवला आणि ग्रुपवर लिहिलं, 'समोरच्या दुकानातली ताडपत्री गळते. घेताना विचार करावा. नोंद असावी.' बटण दाबलं आणि टॉवर गेला. मेसेजवर घड्याळाचं चित्र आलं, आणि दौलतभाऊ तो विसरूनही गेले.

बुधवारी दुपारी पर्लकोटा बाजारात शिरली. प्रत्येक जण आपापलं सामान वर चढवू लागला. दौलतभाऊंनी नोंदवह्या ट्रंकेत भरल्या, ट्रंक डोक्यावर घेतली आणि ते शाळेकडे निघाले. मीठ, गूळ, तांदूळ, सगळं दुकान तसंच मागे. तेवढ्यात वाऱ्याने त्यांच्या छपराचे दोन पत्रे उडाले. वसंतभाऊंचं जोतं उंच, त्यांच्याकडे पाणी पोचलं नव्हतं. ते आणि त्यांची बायको गुडघाभर पाण्यातून या दुकानात आले, पोती उचलून उंच फळ्यांवर टाकली आणि स्वतःच्या दुकानातल्या सहा कोऱ्या ताडपत्र्या आणून सगळा माल दोरीने बांधून टाकला. वरून दोन दिवस पाऊस पडत होता. गुळाला ओल लागली नाही. पाणी उतरेपर्यंत दौलतभाऊ जेवायलाही वसंतभाऊंकडेच होते.

रविवारी ऊन पडलं. चार वाजता किटली आली. आम्ही तिघं फळीवर बसलो होतो, मागे बांधलेला माल अजून तसाच होता. वसंतभाऊंनी कपात चहा ओतला आणि टॉवर आला. तिघांचे फोन एकदम वाजले.

वसंतभाऊंनी मेसेज वाचला. मागच्या ताडपत्र्यांकडे पाहिलं. मग दौलतभाऊंकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले. दौलतभाऊंनी फक्त एवढं म्हणायचं होतं की बाबा, हे मंगळवारचं आहे. मीसुद्धा तेच म्हणतील म्हणून वाट पाहत होतो. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, पुन्हा जवळ नेला आणि म्हणाले, "रविवार दाखवून राह्यलं. चार वाजून बारा मिनिटं."

त्यापुढे ते बोललेच नाहीत. वसंतभाऊंनी अर्धा कप फळीवर ठेवला आणि किटली घेऊन निघून गेले. तासाभराने ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, 'ज्याले उपकार समजत नाई त्याच्या दुकानात कोणी जाऊ नये.' आणि ते ग्रुपमधून बाहेर पडले.

मी आधी दौलतभाऊंकडे गेलो. म्हटलं, तो मेसेज काढून टाका, नाहीतर मी काढतो. ते उभेच राहिले. "रेकॉर्ड मिटवाचं नसते!" मी रस्ता ओलांडून वसंतभाऊंकडे गेलो. म्हटलं, मी काढून टाकतो. "हात लावू नका," ते म्हणाले, "वकिलाले दाखवाचा हाये." दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

"वसंतभाऊ, आपल्याकडे मेसेज उशिरा जातात, तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत हाये ना. मले समजते का हे पुराआधीचं असन. पण मी बाजूले बसलो होतो. त्यानं तोंडानं म्हणाव. काऊन नाई म्हटलं?" ते मिठाच्या पिशव्या रचत होते, हात थांबले. "कोर्टात नेतो त्याले. तिथी तोंड उघडाच लागते."

वकिलाची नोटीस आली. सात दिवसांत बिनशर्त माफी मागा, अन्यथा अब्रुनुकसानीचा दावा. पण मधे पुन्हा रस्ता बंद झाला होता, त्यामुळे नोटीस अकराव्या दिवशी आली. म्हणजे मुदत संपल्यावर चार दिवसांनी मुदत सुरू झाली. दौलतभाऊंच्या चेहऱ्यावर मात्र मी एवढा आनंद कधी पाहिला नव्हता. पोचपावतीवर त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहून सही केली, माझ्याकडून नोटिशीच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि मूळ प्रत लॅमिनेट करून घेतली. "पाहा, याले म्हणतात लिहिणं," ते म्हणाले. मग, उत्तर द्यायचं म्हणून, 'उपकार समजत नाई' या मजकुराबद्दल त्यांनीही वसंतभाऊंवर उलटा दावा लावला. रागाने नाही. एका बाजूचंच रेकॉर्ड अपुरं दिसतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

ग्रुपचा ॲडमिन म्हणून दोन्ही दाव्यांत साक्षीदार मी. एकात वसंतभाऊंच्या बाजूने, दुसऱ्यात वसंतभाऊंच्या विरुद्ध. दोन्ही वकिलांनी मला वेगवेगळं बजावलं की फक्त खरं तेच सांगा, आणि दोघांचं खरं वेगळं होतं. माझी झोप उडाली. बायको म्हणाली, "तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?" मी म्हटलं, कागद पाहून सांगतो.

कोर्ट अहेरीला. तिकडे सकाळी बस एकच, त्यामुळे तारखेला वादी, प्रतिवादी आणि साक्षीदार एकाच बसने जायचे. गर्दीत तिघांच्या बाकावर जागा मिळायची आणि मधे मला बसवायचे. "त्याले म्हणा खिडकी लाव, हवा लागते," दौलतभाऊ मला सांगत. मी ते वसंतभाऊंना सांगत असे. ते तर ऐकूच आलेलं असायचं. वसंतभाऊ खिडकी लावत.

पहिल्या तारखेला जज्जसाहेब म्हणाले, "शेजारी शेजारी राहता, आपसात मिटत असेल तर पाहा." वसंतभाऊ म्हणाले, "त्यानं माफी मागाव, मी आत्ता काढून घेतो." साहेबांनी दौलतभाऊंकडे पाहिलं.

"साहेब, माझ्याकडून मिटलं हाये," दौलतभाऊ शांतपणे म्हणाले. "पोचाचं बाकी हाये."

काय पोचायचं बाकी आहे, हे कोणालाच कळलं नाही. त्यांच्या वकिलाने कपाळ चोळलं. वसंतभाऊंना वाटलं, थट्टा करून राह्यला. पुढची तारीख पडली. त्याही तारखेला हेच झालं. दौलतभाऊंचे वकील परतताना मला म्हणाले, "यांना एक वाक्य बोलायला सांगा हो, मेसेज मंगळवारचा आहे, फोनने उशिरा पाठवला. संपलं." मी बसमध्ये ते दौलतभाऊंच्या कानात सांगितलं. ते दुखावल्यासारखे माझ्याकडे पाहत राहिले. "फोनचं रेकॉर्ड खोटं हाये, असं मी म्हणू? मंग खरं का रायलं?"

इकडे वसंतभाऊंच्या दुकानात ताडपत्र्यांची थप्पी तशीच पडून होती. ग्रुपवरचा तो मेसेज फोनाफोनांतून गावोगावी गेला होता, आणि गळणारी ताडपत्री कोण घेईल? एप्रिल लागला. लोक पावसाळ्याची खरेदी करायचे दिवस आले. एका दुपारी वसंतभाऊंची बायको माझ्याकडे कागदांच्या झेरॉक्स काढायला आली आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "या सालीबी माल नाई गेला तर दुकान बंद करतो म्हणते. एटापल्लीले भाऊ हाये त्याईचा, तिकडं जाऊ." मी मशीनचं झाकण उघडं ठेवून तिच्याकडे पाहत राहिलो. ती गेल्यावर मी ते दौलतभाऊंना जाऊन सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहिलं. लिहिताना पेन दोनदा थांबलं.

"जाणार नाई तो," ते म्हणाले. "तेवढ्यात पोचून जाईल."

मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. माणूस दुकान मोडून चाललाय आणि याचं आपलं पोचाचं हाये, पोचाचं हाये.

तिसऱ्या तारखेआधी त्याच वकिलाने सांगितलं, दौलतभाऊंच्या फोनमधलं दोघांचं आपसातलं सगळं बोलणं छापून आणा, एकही ओळ सोडू नका. दौलतभाऊंनी फोन माझ्या हाती दिला आणि स्टुलावर बसले. मी वसंतभाऊंच्या नावावर बोट ठेवलं. मला वाटलं, दोन-चार ओळी असतील. पण ते संपेचना.

पहिला त्याच रविवारचा, पाच वाजताचा. 'वसंता, ते मंगळवारी लिहिलं होतं. तुह्या ताडपत्रीतून एक थेंब नाई आला. माफ कर.' खाली एकच टिक.

मग दुसऱ्या दिवशी, 'चार वाजले. किटली नाई आली.' एक टिक. 'आज तुह्यं दुकान उघडलं नाई. तब्येत बरी हाये ना?' एक टिक. 'आज बसमंधी तू खिडकीपाशी होता. कानाले रुमाल बांधत जा.' 'आज मी सुकटीची भाजी केली. एकट्यानं दोन टाईम खाल्ली.' 'माफ कर. पहिला मेसेज पोचला नसन म्हणून पुन्हा लिहून राह्यलो.' 'तू एटापल्लीले जातो म्हणते. नको जाऊ.' आठ महिने, रोज एक तरी. सगळ्यांखाली एकच टिक.

मशीन कागद ओढत होतं आणि मला माझ्या रागाची लाज वाटत होती. हा माणूस आठ महिने माफी मागत होता. ज्या दिवशी चूक झाली त्याच दिवशी, तासाभरात, रेकॉर्डवर मागून मोकळा झाला होता आणि टिकची वाट पाहत बसला होता.

"दौलतभाऊ," मी म्हटलं, "हे जात का नाहीत, माहीत आहे का तुम्हाला?"

"नदीपलीकडचा माणूस. फोन बी जुना हाये त्याचा. जाईल."

"त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय."

"म्हंजे?"

"म्हणजे दार लावून घेतलंय. तुमचे मेसेज तिकडे जात नाहीत."

"दार उघडलं का जाईल ना?"

हे सांगणं मला फार जड गेलं. "नाही जाणार. आता उघडलं तरी मधले जात नाहीत. ते गेलेच."

त्यांनी फोन माझ्याकडून घेतला. एक टिकवाल्याची चिंता करायची नाही, असं सगळ्या बाजाराला सांगणारा तो माणूस त्या टिकांवरून अंगठा फिरवत वर गेला, मग खाली आला. "इतके सारे?" एवढंच म्हणाले.

मी छापलेले कागद गोळा करून त्यांच्या हातात दिले. म्हटलं, हे घेऊन जा, वाचून दाखवा. ते उठले, कागद सरळ केले, पायरीपर्यंत गेले. तिथं थांबले. समोर वसंतभाऊ ताडपत्र्यांची थप्पी उन्हातून आत घेत होते. दौलतभाऊ परत फिरले आणि कागद माझ्या टेबलावर ठेवले. फोनही ठेवला. चष्मा कपाळावरून काढून खिशात घातला.

"हे राहू द्या तुमच्यापाशी," ते म्हणाले.

आमचा रस्ता अकरा पावलांचा आहे. ते ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला असं मला वाटलं. समोरच्या दुकानाशी जाऊन ते उभे राहिले. वसंतभाऊंनी मान वर केली नाही. दौलतभाऊंचे ओठ हलू लागले. इकडे रस्त्यावर ट्रॅक्टर आला, त्याच्या आवाजात मला एक शब्द ऐकू आला नाही. ट्रॅक्टर गेला तेव्हा वसंतभाऊ उभे होते आणि हातातली ताडपत्री खाली ठेवली होती. दौलतभाऊ अजून बोलतच होते, हात जोडलेले. मग वसंतभाऊंनी आतून स्टूल आणलं. त्यांच्या बायकोने चूल पेटवली. तेव्हा चार वाजायचे होते, अडीचच झाले होते.

तिसऱ्या तारखेला दोघांनी कोर्टात सांगितलं, मिटलं. दोन्ही दावे मागे घेतल्याच्या कागदावर दौलतभाऊंनी सही केली. बाबूंनी विचारलं, "नक्कल पाहिजे का?" माझा जीव टांगणीला लागला. "नको," दौलतभाऊ म्हणाले. परतीच्या बसमध्ये मला खिडकीकडची जागा मिळाली.

जूनमध्ये त्यांनी वसंतभाऊंकडून सगळ्यांत मोठी निळी ताडपत्री घेतली आणि स्वतःच्या दुकानापुढे बाजाराच्या तोंडावर बांधली. गावोगावचे लोक पावसात तिच्याखाली उभे राहतात, वर पाहतात, हात लावून पाहतात आणि समोर जातात. तिच्याखालच्या फळीवर चार वाजता चहा असतो. मीही जातो.

ते छापलेले कागद अजून माझ्या कपाटात आहेत. दोघांपैकी कोणी मागायला आलं नाही. मला मात्र राहवलं नाही. परवा वसंतभाऊ किटली विसळायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "दौलतभाऊ, त्या दिवशी तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणालात हो?"

दौलतभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, आता लिहून देतात. पण त्यांनी तो पुन्हा नाकावर घेतला आणि समोरच्या दुकानाकडे पाहत राहिले.

"ते रेकॉर्डवर नाई," ते म्हणाले.